एपॉक्सी माती

एपॉक्सी माती ही दोन घटक एकत्र मळून तयार केली जाणारी आणि भट्टीत न भाजता सामान्य तापमानाला कडक होणारी कृत्रिम माती होय. तिला एपॉक्सी क्ले किंवा एपॉक्सी पुट्टी असेही म्हणतात. रेझिन म्हणजे राळ आणि हार्डनर हे तिचे दोन घटक वेगवेगळ्या वेष्टनांत मिळतात. ते मिसळल्यानंतर काही काळ मिश्रण मातीसारखे मऊ राहते व नंतर दगडासारखे टणक बनते. छोट्या मूर्ती, उठावचित्रे, सजवलेल्या बाटल्या, चौकटी, दागिने आणि तुटलेल्या घरगुती वस्तूंची दुरुस्ती यांसाठी तिचा उपयोग होतो.

नावात माती असली तरी तिचे कडक होणे हे मातीच्या वाळण्यापेक्षा मूलतः वेगळे आहे. शाडू किंवा कुंभाराची माती पाणी उडून गेल्यामुळे वाळते आणि न भाजलेली असेल तर पुन्हा भिजवता येते. एपॉक्सी माती वाळत नाही. तिच्यात रासायनिक क्रिया घडते व ती क्रिया उलट फिरवता येत नाही. प्रमाण मोजण्यापासून वस्तू कोठे ठेवावी येथपर्यंत या मातीच्या वापराचे बहुतेक नियम या एकाच गुणधर्मातून निघतात.

## नाव व प्रकार

बाजारात मिळणाऱ्या एपॉक्सी मातीचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

* दुरुस्तीची पुट्टी: नळ, टाक्या, सांधे आणि भेगा बुजवण्यासाठी असलेला प्रकार. भारतात ‘एम-सील’ हे व्यापारी नाव इतके रूढ आहे की अनेकदा कोणत्याही एपॉक्सी पुट्टीला तेच म्हटले जाते. हा प्रकार हार्डवेअरच्या दुकानांत मिळतो. तो तुलनेने लवकर कडक होतो, त्यामुळे बारीक कोरीव कामाला वेळ कमी मिळतो.
* हस्तकलेची माती: मऊ, बारीक पोताची आणि अधिक वेळ काम करू देणारी माती. ‘फेविक्रिल मोल्ड-इट’ हे या प्रकारातील परिचित भारतीय उत्पादन आहे.
* सूक्ष्म शिल्पकामाची पुट्टी: लहान प्रतिकृती व खेळण्यांचे नमुने घडवणाऱ्यांसाठीचा प्रकार. निळी व पिवळी पट्टी मळून हिरवा रंग येणारी ‘ग्रीन स्टफ’ ही पुट्टी आणि वेल्समध्ये तयार होणारी ‘मिलिपुट’ ही त्याची उदाहरणे होत.

एपॉक्सी माती आणि पॉलिमर क्ले यांची अनेकदा गल्लत होते. पॉलिमर क्ले ही मुख्यतः पॉलिव्हिनिल क्लोराइडपासून बनते, एकाच घटकाची असते आणि ओव्हनमध्ये तापवल्याशिवाय कडक होत नाही. हवेत वाळणारी माती, कागदाचा लगदा आणि प्लास्टर ऑफ पॅरिस हे पदार्थही वेगळे असून त्यांत पाण्याची भूमिका महत्त्वाची असते.

## रासायनिक स्वरूप

एक ऑक्सिजन व दोन कार्बन अणूंच्या त्रिकोणी वलयाला एपॉक्साइड गट म्हणतात. रेझिन या घटकात असे गट असलेले रेणू असतात. बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून बनवलेली राळ त्यासाठी सर्वाधिक वापरली जाते. हार्डनरमध्ये बहुधा अमाइन वर्गातील संयुगे असतात. दोन्ही घटक एकत्र आले की अमाइनचे रेणू एपॉक्साइडचे वलय उघडून त्याला जोडले जातात आणि सर्व दिशांना पसरलेले एक जाळे तयार होते. हे जाळे तापवल्यास वितळत नाही व पाण्यात विरघळत नाही. अशा पदार्थाला उष्मादृढ प्लास्टिक म्हणतात.

दोन्ही घटकांत शंखजिरे, कॅल्शियम कार्बोनेट, चिनी माती किंवा सिलिका यांची बारीक भुकटी भरलेली असते. मिश्रणाला मातीसारखा घट्टपणा या भुकटीमुळे येतो. मिश्रणात पाणी किंवा उडून जाणारे द्रावक जवळजवळ नसल्यामुळे कडक होताना आकार फारसा आटत नाही. भट्टीतील मातीप्रमाणे आकुंचन व तडे यांचा हिशेब येथे करावा लागत नाही, हा या मातीचा मोठा फायदा आहे. क्रिया होताना उष्णता बाहेर पडते. छोट्या वस्तूत ती जाणवत नाही, परंतु मोठा गोळा एकाच ठिकाणी राहिल्यास तो आतून तापतो व लवकर घट्ट होतो.

## इतिहास

एपॉक्सी राळेचा शोध विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकातील आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ पॉल श्लाक यांनी १९३४ मध्ये एपॉक्साइड व अमाइन यांच्या संयोगाविषयी एकस्वाचा अर्ज केला. स्वित्झर्लंडमधील पिएर कास्तां आणि अमेरिकेतील सिल्व्हन ग्रीनली यांनी पुढील दशकभरात स्वतंत्रपणे बिस्फेनॉल-ए वर आधारित राळ विकसित केली. कास्तां यांचे काम दंतवैद्यकाशी निगडित होते. त्यांचे हक्क सिबा या स्विस कंपनीकडे गेले व १९४० च्या दशकात ‘ॲराल्डाइट’ हे चिकटद्रव्य बाजारात आले. भुकटी मिसळून घट्ट केलेली पुट्टी ही त्यानंतरची पायरी होय. ‘मिलिपुट’चे उत्पादन १९६८ पासून होत आहे.

महाराष्ट्रात या क्षेत्रातील प्रमुख नाव मुंबईस्थित पिडिलाइट इंडस्ट्रीज या कंपनीचे आहे. १९५९ मध्ये ‘फेव्हिकॉल’पासून सुरुवात केलेल्या या कंपनीने २००० मध्ये ‘एम-सील’ आणि २०२० मध्ये ‘ॲराल्डाइट’चा भारतातील व्यवसाय ताब्यात घेतला.

## कामाची पद्धत

### अंदाज व प्रमाण

मिसळलेली माती साठवता येत नाही, म्हणून कामाला लागेल तेवढीच तयार करावी. सपाट कामासाठी क्षेत्रफळाला जाडीने गुणून अंदाज काढता येतो. उदाहरणार्थ, १० सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनी फरशीवर ३ मिलिमीटर जाडीचा थर द्यायचा असल्यास ३० घन सेंटिमीटर माती लागते. अशा मातीची घनता साधारणपणे पाण्याच्या दीडपट ते दुप्पट असल्याने तिचे वजन ४५ ते ६० ग्रॅम भरते. दोन घटक समान प्रमाणात असतील, तर प्रत्येकी ३० ग्रॅम पुरेसे होतात.

बहुतेक मातींत दोन्ही घटक समप्रमाणात घ्यावयाचे असतात, परंतु वेष्टनावरील सूचना अंतिम मानावी. समप्रमाण वजनाचे की आकारमानाचे, हेही तेथे पाहावे. दोन घटकांची घनता वेगळी असेल तर या दोन मापांत फरक पडतो. आकारमानाने घेताना दोन्ही घटकांचे सारख्या मापाचे गोळे किंवा सारख्या जाडीच्या वळ्या करून तुलना करणे सोपे जाते. हार्डनर वाढवल्याने माती लवकर व अधिक चांगली कडक होते, हा समज चुकीचा आहे. जादा घटकाला जोडीदार रेणू मिळत नाहीत, ते जाळ्यात मोकळेच राहतात आणि वस्तू चिवट किंवा ठिसूळ बनते.

दोन्ही घटक काढण्यासाठी वेगवेगळी सुरी वापरावी आणि डब्यांची झाकणे बदलू देऊ नयेत. एका घटकाचा अंश दुसऱ्याच्या डब्यात गेल्यास तेथे खडे तयार होतात.

### मळणे

दोन्ही गोळे एकत्र दाबून, लांबवून, घडी घालून पुन्हा दाबावेत. पोळीच्या कणकेप्रमाणे ही क्रिया ३ ते ५ मिनिटे करावी. घटकांचे रंग वेगळे असतील तर रेषा पूर्ण नाहीशा होऊन एकसारखा रंग येईपर्यंत मळावे व त्यानंतरही मिनिटभर मळत राहावे. दोन्ही घटक सारख्याच रंगाचे असल्यास घड्याळ लावून मळणे इष्ट असते. अपुऱ्या मळणीचा दोष त्या वेळी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी काही ठिकाणी मऊ डाग राहिल्यावर तो कळतो आणि तेव्हा तो भाग खरवडून काढण्याखेरीज उपाय नसतो.

### कडक होण्याच्या अवस्था

मळल्यापासून पूर्ण कडक होईपर्यंत माती चार अवस्थांतून जाते आणि प्रत्येक अवस्था वेगळ्या कामाला योग्य असते.

1. चिकट अवस्था: मळल्यानंतर लगेच. पकड सर्वाधिक असल्याने पृष्ठभागावर पहिला थर दाबून बसवण्यासाठी ही वेळ योग्य असते.
2. मऊ अवस्था: १० ते २० मिनिटांनंतर चिकटपणा कमी होतो. पाकळ्या, पाने, चेहरे यांसारखे आकार या अवस्थेत घडवावेत.
3. घट्ट अवस्था: माती चामड्यासारखी वाटते. कडा कापणे, रेषा कोरणे, ठसे उमटवणे यांसाठी ही अवस्था उत्तम असते. या वेळी पातळ भाग वाकवल्यास तो तडकतो.
4. टणक अवस्था: बहुतेक प्रकारांत २४ तासांनंतर. या अवस्थेत घासणे, छिद्र पाडणे व रंगवणे शक्य होते.

### पृष्ठभागाची तयारी

एपॉक्सी माती काच, लाकूड, धातू, सिरॅमिक आणि एमडीएफ यांना चांगली चिकटते. मात्र धूळ, तेल व मेण यांचा थर मध्ये असल्यास पकड राहत नाही. काचेची बाटली सजवताना लेबल व त्याचा डिंक काढून ती साबणाने धुवावी, कोरडी करावी आणि स्पिरिटने पुसावी. लाकूड व धातू पॉलिश पेपरने खरखरीत करून घ्यावेत. बाटलीला आधी रंग देऊन त्यावर माती लावल्यास माती काचेला न चिकटता रंगाला चिकटते, आणि रंग सुटला की नक्षीही निघते. त्यामुळे माती थेट काचेवर लावून रंग नंतर देणे अधिक टिकाऊ ठरते.

पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन व सिलिकोन यांना ही माती चिकटत नाही. त्यामुळे काम करताना खाली पॉलिथिनचा कागद अंथरणे व साचे सिलिकोनचे घेणे सोयीचे असते. याच कारणाने त्या प्लास्टिकच्या बादल्या किंवा डबे या मातीने टिकाऊपणे सांधता येत नाहीत.

### सांगाडा व गाभा

उभी मूर्ती संपूर्ण मातीची केल्यास ती जड व खर्चिक होते. आत ॲल्युमिनियम फॉइल घट्ट चुरगाळून गाभा करावा आणि हातपाय, फांद्या अशा भागांसाठी जीआय तारेचा सांगाडा बांधावा. गाभ्यावर ३ मिलिमीटरच्या आसपास जाडीचा थर बहुतेक छोट्या कामांना पुरतो. या मातीत द्रावक नसल्याने थर्मोकोलचा गाभाही चालतो. ओले लाकूड किंवा दमट कागद आत ठेवू नये, कारण तो पुढे फुगल्यास किंवा आक्रसल्यास वरच्या थराला तडा जातो.

मोठे काम एका बैठकीत न करता थराथराने वाढवावे. आधीचा थर घट्ट होत असताना त्यावर सुईने आडव्या-उभ्या चरा पाडून ठेवल्यास पुढचा थर चांगला धरतो. आधीचा थर पूर्ण टणक झाला असेल, तर तो घासून व पुसून घ्यावा.

### साधने व पाण्याचा वापर

दातकोरणी, विणकामाची सुई, जुना टूथब्रश, पेनाचे टोपण, झाडाची पाने व लेस यांनी पोत उमटवता येतो. माती लाटण्यासाठी वापरलेले लाटणे, पोळपाट किंवा साचे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

हातमोजे किंवा साधन किंचित ओले केल्यास माती त्यांना चिकटत नाही आणि पृष्ठभाग गुळगुळीत होतो. पाणी थेंबापुरतेच असावे. अधिक पाण्याने वरच्या थराची राड होते, ती नंतर भुकटीसारखी सुटते आणि दोन थरांच्या मध्ये पाणी राहिल्यास ते एकजीव होत नाहीत. माती घट्ट होऊ लागली म्हणून त्यात पाणी मळल्याने ती पुन्हा मऊ होत नाही.

### घासकाम व रंगकाम

टणक झालेली वस्तू कानस व पॉलिश पेपरने घासता येते. १२० क्रमांकाच्या कागदाने सुरुवात करून २२० व ४०० पर्यंत जावे. शेवटच्या टप्प्यात वॉटर पेपर ओला करून वापरल्यास धूळ उडत नाही. रंगापूर्वी वस्तू साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. ॲक्रिलिक रंग या मातीवर चांगले बसतात. फिकट रंगांसाठी आधी प्रायमर किंवा जेसोचा एक हात द्यावा. बिस्फेनॉल-ए वर आधारित एपॉक्सी उन्हातील अतिनील किरणांनी पिवळी पडते व तिचा पृष्ठभाग खडूसारखा होतो, म्हणून न रंगवलेली वस्तू उघड्या उन्हात ठेवू नये.

## हवामान व कामाचा अवधी

वेष्टनावर दिलेला कामाचा अवधी सामान्यतः २५ अंश सेल्सियसच्या आसपासचा असतो. तापमान १० अंशांनी वाढले की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातील ढोबळ ठोकताळा आहे. मराठवाड्यासारख्या प्रदेशात त्याचा परिणाम स्पष्ट जाणवतो. छत्रपती संभाजीनगर येथे मे महिन्यात दुपारचे तापमान ४० अंशांच्या जवळ पोहोचते, तर डिसेंबर-जानेवारीतील पहाटे ते १० ते १२ अंशांपर्यंत उतरते. जी माती २५ अंशांना दोन तास मऊ राहते, ती ३५ अंशांना सुमारे तासाभरात घट्ट होऊ शकते आणि १५ अंशांना चार तासही मऊ राहू शकते.

* उन्हाळा: बारीक काम सकाळी लवकर किंवा रात्री करावे. एका वेळी थोडीच माती मळावी व ती गोळ्याऐवजी पातळ चकतीच्या रूपात ठेवावी, म्हणजे आतून तापणार नाही.
* पावसाळा: दमट व थंड हवेत काही अमाइन हवेतील बाष्प व कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावतात आणि पृष्ठभागावर तेलकट पापुद्रा येतो. तो साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा थर किंवा रंग दिल्यास तो सुटतो.
* हिवाळा: कडक होण्यास एकाऐवजी दोन दिवस लागू शकतात. राळ घट्ट झाल्याने मळणे अवघड वाटल्यास बंद डबा काही वेळ कोमट पाण्यात ठेवावा.

पंखा लावल्याने ही माती लवकर कडक होत नाही, कारण तिच्यातून पाणी उडून जावयाचे नसते. कोवळ्या उन्हात किंवा उबदार खोलीत मात्र क्रियेला गती मिळते. तयार वस्तूलाही उष्णतेची मर्यादा आहे. सामान्य तापमानाला कडक होणाऱ्या अनेक एपॉक्सी ५० ते ७० अंशांच्या दरम्यान किंचित मऊ पडू लागतात. उन्हाळ्यात बंद उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेली पातळ वस्तू त्यामुळे वाकू शकते. ती वितळत नाही, परंतु वाकलेल्या आकारातच थंड होते.

## छोट्या कामांची उदाहरणे

उठावाची फरशी: छत्रपती संभाजीनगर येथील बीबी का मक्बरा या दिलरस बानू बेगम यांच्या सतराव्या शतकातील समाधीवर चुनागच्चीत केलेली वेलबुट्टी आहे. तिच्यासारखी नक्षी नवशिक्यांसाठी चांगला पाठ ठरते. कागदावर रेखाटन करून ते एमडीएफच्या तुकड्यावर उतरवावे, ३ मिलिमीटर जाडीचा थर पसरावा, घट्ट अवस्थेत बाह्यरेषा कापून उरलेली माती उचलावी आणि शेवटी पाकळ्यांच्या शिरा कोराव्यात. उचललेली माती अजून मऊ असेल तर दुसऱ्या ठिकाणी वापरता येते.

लिप्पन पद्धतीचे काम: कच्छमधील लिप्पन ही माती व आरशांची भिंतसजावट आहे. फळीवर ती करताना अनेक कारागीर आता एपॉक्सी माती वापरतात. वळ्या सारख्या जाडीच्या होण्यासाठी त्या सपाट फळीच्या तुकड्याखाली लाटाव्यात. आरसे माती चिकट असतानाच बसवावेत.

दागिने: कर्णभूषणांसाठी माती २ ते ३ मिलिमीटर जाडीची ठेवावी, अन्यथा वजन वाढते. कडीसाठी छिद्र मऊ अवस्थेत पाडल्यास कडा फुगतात. टणक झाल्यावर हातड्रिलने पाडलेले छिद्र स्वच्छ येते. वस्तू पूर्ण कडक झाल्याशिवाय अंगावर घालू नये.

दुरुस्ती: तुटलेल्या शोभेच्या वस्तूचा गहाळ तुकडा या मातीने भरता येतो. कपाचा कान किंवा ताटलीची कड अशी दुरुस्त केल्यास ते भांडे केवळ शोभेसाठी ठेवावे. अन्नाच्या संपर्कासाठी प्रमाणित नसलेली कोणतीही एपॉक्सी खाण्यापिण्याच्या भांड्यांत वापरू नये.

## नेहमीचे दोष

* वस्तू अनेक दिवस चिकट राहणे: प्रमाण चुकलेले असते किंवा मळणी अपुरी असते. थंडी हे कारण असेल तर उबेने फरक पडतो. प्रमाण चुकले असेल तर पडत नाही.
* नक्षी अखंड निघून येणे: पृष्ठभाग तेलकट, धुळीचा किंवा आधी रंगवलेला असतो.
* पातळ टोके तुटणे: आत तारेचा आधार नसतो किंवा घट्ट अवस्थेत माती वाकवलेली असते.
* दोन थर वेगळे होणे: मध्ये पाणी, तेल किंवा अमाइनचा पापुद्रा राहिलेला असतो.
* खडे लागणे: जुन्या राळेचा सुकलेला कवच-भाग न काढता मळलेला असतो, किंवा डब्यातील घटक एकमेकांत मिसळलेले असतात.

## सुरक्षितता

पूर्ण कडक झालेली एपॉक्सी माती बरीच निष्क्रिय असते, परंतु कच्च्या अवस्थेतील दोन्ही घटक त्वचेला अपायकारक असू शकतात. एपॉक्सी राळ व अमाइन हार्डनर ही संपर्कजन्य त्वचादाहाची परिचित कारणे आहेत. वारंवार स्पर्श झाल्यावर शरीर या द्रव्यांना संवेदनशील बनू शकते. ही संवेदनशीलता एकदा निर्माण झाली की बहुधा आयुष्यभर राहते आणि त्यानंतर अत्यल्प स्पर्शानेही खाज, पुरळ व सूज येते. पहिल्या अनेक वेळा काहीच त्रास झाला नाही, यावरून पुढेही होणार नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. त्यामुळे नुकसान दिसण्याआधीच काळजी घ्यावी लागते.

* मळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. लॅटेक्सच्या पातळ मोज्यांतून अमाइन आत झिरपू शकतात.
* हाताला लागलेली माती साबण व पाण्याने धुवावी. थिनर किंवा स्पिरिटने पुसल्यास द्रव्ये त्वचेत अधिक शिरतात.
* कोरडे घासकाम मोकळ्या हवेत, एन-९५ दर्जाचा मुखपट्टा लावून करावे.
* लहान मुलांना मळण्याचे काम देऊ नये. शालेय कार्यानुभवाच्या तासाला शाडू किंवा कागदाचा लगदा हे पर्याय अधिक योग्य असतात.
* पुरळ आल्यास काम थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा व वेष्टन सोबत न्यावे.

उरलेले घटक सांडपाण्यात सोडू नयेत. ते एकत्र मळून कडक होऊ द्यावेत व घनकचऱ्यात टाकावेत.

## पुरातन वस्तू व एपॉक्सी

घरातील जुनी मूर्ती, शेतात सापडलेला शिल्पखंड किंवा वारसा म्हणून जपलेले भांडे एपॉक्सी मातीने सांधण्याचा मोह होतो. संवर्धनशास्त्राच्या दृष्टीने ते धोक्याचे असते. केलेला उपचार शक्य तितका पूर्ववत करता यावा, हे या शास्त्रातील महत्त्वाचे तत्त्व आहे. कडक झालेली एपॉक्सी बहुधा मूळ पदार्थापेक्षा मजबूत असते. पुढे ताण आल्यास सांधा न सुटता मूळ दगड किंवा माती शेजारून फुटते आणि एपॉक्सी काढताना मूळ पृष्ठभागही निघतो. प्रशिक्षित संवर्धक आवश्यक तेथे एपॉक्सी वापरतात, परंतु अनेकदा मूळ वस्तू व एपॉक्सी यांच्यामध्ये ‘पॅरालॉइड बी-७२’सारख्या, पुन्हा विरघळवता येणाऱ्या राळेचा थर देतात.

न निघणाऱ्या उपचाराचा परिणाम छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील अजिंठा लेण्यांत पाहायला मिळाला. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने बोलावलेल्या लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी तेथील सुटत चाललेली चित्रे पक्की केली. त्या कामात चित्रांवर लाखेचे रोगण लावण्यात आले. चित्रांचे सुटणे थांबले, पण कालांतराने रोगण पिवळट व काळसर झाले, मूळ रंग झाकले गेले आणि पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या रसायनतज्ज्ञांना ते काळजीपूर्वक काढावे लागले. लाख ही द्रावकात विरघळते, म्हणून ती काढणे निदान शक्य होते. एपॉक्सीबाबत ती सोयही नसते.

प्राचीन कारागिरांची सामग्री वेगळ्या तत्त्वावर आधारलेली होती. अजिंठा व वेरूळ येथील चित्रांखालील गिलाव्यात माती, चुना व वनस्पतिज तंतू आढळतात. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू असल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तंतूंनी गिलाव्याला बळकटी मिळते आणि गिलावा सच्छिद्र राहतो. अशा पृष्ठभागावर हवा-पाणी रोखणारा एपॉक्सीचा थर दिल्यास ओलावा व क्षार त्याच्या मागे साचून गिलावा सुटण्याचा धोका असतो.

अजिंठा व वेरूळ ही १९८३ पासून जागतिक वारसा स्थळे आहेत. बीबी का मक्बरा व औरंगाबाद लेणी यांच्यासह ती राष्ट्रीय संरक्षित स्मारके असून १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यानुसार तेथे परवानगीविना कोणताही बदल करणे हा गुन्हा आहे. हौशी कलावंताने त्यांच्या नक्षीचा अभ्यास रेखाटन किंवा छायाचित्रावरून करावा. मूळ शिल्पावर माती दाबून साचा घेऊ नये.

## मूर्तिकला व विसर्जन

एपॉक्सी माती पाण्यात विरघळत नाही व तिचे जैविक विघटन होत नाही. त्यामुळे विसर्जन करावयाच्या गणेशमूर्तीसाठी किंवा शाडूच्या मूर्तीवरील अलंकारांसाठी ती योग्य नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत मूर्तीसाठी नैसर्गिक व विघटनशील सामग्रीवर भर दिला आहे. घरात कायम ठेवण्याची छोटी मूर्ती, मखरातील पुन्हा वापरावयाची सजावट किंवा साचा काढण्यासाठीचा मूळ नमुना यांसाठी मात्र तिचा टिकाऊपणा उपयुक्त ठरतो.

## हे सुद्धा पहा

* शाडू
* प्लास्टर ऑफ पॅरिस
* लिप्पन काम
* बीबी का मक्बरा
* अजिंठा लेणी